निघायची वेळ

तोंडवलीच्या वाळूत समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि एकेक गोष्ट वजा करत चला. आधी पाठीमागचा डांबरी रस्ता, विजेचे खांब. मग सुरूचं बन. सुरू इथली नव्हे, मागाहून आणून लावलेली. दक्षिणेचा सर्जेकोट जाऊ द्या, त्यापलीकडचा सिंधुदुर्गही जाऊ द्या. त्याचा पहिला चिरा बसला १६६४ साली. काजू आणि मिरची पोर्तुगीज जहाजांतून यायच्यात, त्यांनाही रजा द्या. माड मात्र राहू द्या. नाशिकच्या लेण्यात उषवदातानं बत्तीस हजार माड दान दिल्याचं कोरलंय, ते आपण चाललोय त्या काळाच्या जवळपासचंच. कोकम, तिरफळ, उंडी राहू द्या. गड नदी राहील. नदीमुख थोडं इकडे असेल, थोडं तिकडे, पण एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे वाळू, एवढं धरून चाला.

आता मागे वळा.

तोंडवली, इ.स. ७८, थंडीच्या तोंडावर

आपण शालिवाहन शक ज्या सालापासून मोजतो ते हे साल. इथं कुणाला त्याचा पत्ता नाही.

खाडीच्या आतल्या बाजूला पडाव लागलाय. त्याला हात लावून बघा, एकही खिळा सापडणार नाही. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीनं फळीला फळी शिवलीय, सांध्यांत काथ्या ठासलाय, वरून उंडीचं तेल चोपडलंय. तेलाचा कडवट वास तुमच्या अंगाला लागला तो आता चार दिवस जायचा नाही.

काठावर घाटावरून उतरलेले बैल उभे आहेत. पाठीवरच्या गोण्यांत तगरचं कापड आहे, पैठणकडचे अकीक आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं याच शतकात एक समुद्रवाटांची वही लिहिलीय. ‘पेरिप्लस’ या नावानं ती पुढे ओळखली जाईल, लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुणाला कळणार नाही. तगर आणि पैठणचा हा माल त्या वहीत नोंदलेला आहे. कल्याणच्या खाली चौलपासून आपल्या किनाऱ्यावरची बंदरंही एकामागून एक लिहिलीत. त्यांतलं ‘बिझँटियन’ म्हणजे आपलं विजयदुर्ग, असं बरेच अभ्यासक धरतात.

परतीच्या वाटेला बैलांवर काय चढतंय तेही बघा. कांशाची एक सुबक सुरई गवतात गुंडाळून बांधली जातेय. अशीच एक सुरई, शिवाय समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती, १९४४-४५ च्या सुमारास कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडेल आणि टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन बसेल. सुरई घडवली गेली इटलीच्या कँपानिया प्रांतात, असं अभ्यासक सांगतील. शेजारी दारूचा एक रांजण फुटून पडलाय. दोन कान, निमुळता बुंधा. एक खापरी उचला आणि उन्हात धरा. लालसर मातीत काळे, चकाकणारे कण दिसतील. कँपानियाच्या कुंभारांच्या मातीत ही काळी वाळू असतेच, आणि ती येते तिथल्या एका डोंगराच्या पोटातून. पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला आणि केरळातल्या पट्टणमला अशा खापऱ्या सापडल्यात. तुम्ही अजून त्या डोंगराचं नावही ऐकलं नाही, पण तो तुमच्या तळहातावर आहे.

त्या डोंगराचं नाव व्हेसुव्हियस. तुम्हाला त्याच्या पायथ्याशी जायचंय.

भडोचच्या वाटेनं जाता येणार नाही. तिकडचं राजकारण तापलंय. कल्याणच्या बंदरात ग्रीक जहाज शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. तेव्हा दक्षिणेला, मिरीच्या मुलखात जायचं आणि तिथून समुद्र ओलांडायचा.

तुम्ही पडावाच्या तांडेलाला म्हणता, दोन दिवस थांबू, अजून थोडा माल उतरेल. तो दोरीची गाठ सोडवत तुमच्याकडे न बघताच बोलतो. भाषा मालवणीची कैक पिढ्यांमागची आजी असली तरी सूर ओळखीचा आहे: “वारो काय आमचो जावई नाय, वाट बघीत ऱ्हवाक.”

या किनाऱ्यावर सगळ्यांना एवढं कळतं. होड्या पावसाआधी वर ओढायच्या आणि पाऊस ओसरला की नारळ देऊन पाण्यात घालायच्या. दर्या माणूस खातो, पण खाण्याआधी तारीख सांगतो.

मुझिरिस, डिसेंबर

वेंगुर्ल्याचे खडक उजवीकडे ठेवून पडाव खाली उतरतो. पेरिप्लसमधली ‘सेसेक्रिएनाय’ बेटं ती हीच, असं मानतात. त्यांच्या गुहांतून पाकोळ्यांचे थवे निघतात, तसे ते आजही निघतात. पुढच्या पट्ट्यात चाच्यांची भीती आहे. मोठी रोमन गलबतं याच कारणासाठी तिरंदाज घेऊन फिरतात.

मुझिरिसला, आजच्या कोडुंगल्लूरजवळ, तुम्ही गलबत बदलता. आता पायाखाली शिवलेल्या फळ्या नाहीत, खुंट्या मारून जोडलेलं जाड लाकूड आहे. तळात मिरीची पोती, त्यावर हस्तिदंत, मोती, कासवाची पाठ, रेशीम, तमालपत्र. याच बंदरातून पुढच्या शतकात ‘हर्मापोलन’ नावाचं गलबत जाईल, आणि त्याच्या मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात असल्याचा हिशेब एका पपायरसवर राहील.

रोममध्ये प्लिनी नावाचा अधिकारी याच पैशावर चरफडतोय. हिंदुस्थान आमच्याकडून वर्षाला पाच कोटी सेस्टर्सच्या खाली काही घेत नाही, असं त्यानं आपल्या जाडजूड ग्रंथात लिहिलंय. मिरीबद्दल तर तो वैतागलेलाच आहे. दिसायला धड नाही, खायला गोड नाही, नुसता तिखटपणा, आणि त्यासाठी लोक हिंदुस्थानापर्यंत जातात. काळ्या मिरीचा भाव त्यानं पौंडाला चार दिनार दिलाय. रोमन शिपायाला वर्षाकाठी मिळतात सव्वादोनशे दिनार. म्हणजे आपल्या पावशेराहून जास्त मिरीला शिपायाचा जवळजवळ आठवड्याचा पगार.

परतीची तारीख त्याच प्लिनीनं लिहून ठेवलीय: डिसेंबरात निघा, फार तर जानेवारीच्या तेरा तारखेच्या आत. तुमचं गलबत मुदतीच्या आत सुटतं.

बेरेनिके ते अलेक्झांड्रिया, इ.स. ७९ चा वसंत

तांबड्या समुद्रात वारा समोरून येतो, म्हणून गलबतं फार वर न जाता बेरेनिकेला माल उतरवतात. गाव उजाड आहे. झाड नाही, गोडं पाणी नाही, बांधायला धड लाकूड नाही. मग घराला लावलेली ही तुळई कसली? जवळ जाऊन वास घ्या. सागवान आहे. हिंदी महासागर ओलांडून आलेली जुनी गलबतं मोडून त्यांचं लाकूड इथं घरांना लावतात. देवळात एक मोठा हिंदी रांजण जमिनीत पुरलाय आणि त्यात काळी मिरी भरलीय. खोदणाऱ्यांना एकोणीसशे वर्षांनी तो तसाच सापडेल, आत साडेसात किलो मिरी.

इथून उंटांवर कोप्टॉसला, बारा दिवसांची वाट. दिवसा विहिरीपाशी पडून राहायचं, रात्री ताऱ्यांवर चालायचं. मग नाईलमधून होडीनं अलेक्झांड्रिया. तिथं सरकार चौथा हिस्सा जकात कापून घेतं, आणि व्यापारी जसे कुठंही कुरकुरतात तसे इथंही कुरकुरतात.

उन्हाळ्यात बातमी येते: सम्राट व्हेस्पेशियन वारला, त्याचा मुलगा टिटस गादीवर आला. तुमचं गलबत इटलीकडे निघतं. वारा विरुद्ध असल्यानं वाट लांबते.

पुतेओली, ७९ चा उन्हाळा सरताना

नेपल्सच्या आखातातलं हे बंदर आज पोत्सुओली म्हणून ओळखतात. अलेक्झांड्रियाची गलबतं दिसली की लोक धक्क्यावर गर्दी करतात. तत्त्वज्ञ सेनेकानं या गर्दीचं वर्णन केलंय. तुम्ही उतरता तो धक्का पाण्याखालीही घट्ट बसलाय. इथली राखेसारखी माती चुन्यात मिसळली की पाण्यात दगडासारखी आवळते. गावामागं एका पठारावर जमिनीतून गंधकाची वाफ निघते. थोडं पुढे बायएला श्रीमंत लोक गरम झऱ्यांत डुंबत पडलेले असतात.

म्हणजे इथल्या माणसांना जमिनीखाली आग आहे हे माहीत आहे. ते तिच्यात अंघोळ करतात आणि तिच्या राखेनं बंदर बांधतात. समोरच्या व्हेसुव्हियसबद्दलही भूगोलकार स्ट्राबो पन्नास-साठ वर्षांपूर्वीच लिहून गेलाय: माथा सपाट, राखेच्या रंगाचा, दगड जळके, इथं कधीकाळी आग होती, आता जळण संपून विझलीय, आणि जमीन एवढी पिकते ती बहुधा त्याच आगीमुळं. उतारावर माथ्याजवळपर्यंत द्राक्षाचे मळे आहेत. दीडशे वर्षांपूर्वी बंडखोर गुलाम स्पार्टाकस याच डोंगरावर दडला होता आणि रानवेलींच्या दोरांवरून उतरून निसटला होता.

डोंगराची एवढी ओळख लोकांना होती. उद्याची तारीख तेवढी कुणापाशी नव्हती.

पॉम्पेई, ऑक्टोबर

किनाऱ्यानं एका दिवसाची वाट. हर्क्युलेनियम गाव मागं टाकून तुम्ही पॉम्पेईच्या वेशीतून आत शिरता. दहा-बारा हजार वस्तीचं गाव, नदीच्या मुखाशी, आपल्या बंदरांसारखंच. रस्त्याच्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्यात, मधे उंच दगड ठेवलेत म्हणजे घाण पाण्यात पाय न बुडवता रस्ता ओलांडता येतो. कोपऱ्याकोपऱ्यावर खाणावळी, ओट्यात बसवलेली मडकी. भट्टीत गोल पाव, वरून आठ फाकांच्या रेघा.

एका घरापाशी आलात की नाक आपोआप वर होईल. अंब्रिकियस स्कॉरस इथला मोठा व्यापारी, त्याचा धंदा गारुमचा. मासे आणि मीठ थरावर थर घालून उन्हात मुरवायचे आणि वर सुटलेला रस गाळून बाटलीत भरायचा. खारवलेल्या बांगड्याच्या बरणीत तळाला साठणारं पाणी आठवा, तसंच काहीतरी. त्याच्या उंची मालावर चिठ्ठी असते: स्कॉरसच्या कारखान्यातला, स्कॉम्बर माशाचा. स्कॉम्बर म्हणजे बांगड्याच्याच कुळातला मासा. या गृहस्थानं घराच्या फरशीत आपल्या बरण्यांची चित्रं जडवून घेतलीत. मिरीच्या पोत्यांना इथं गिऱ्हाईक का मिळतं, हे आता वेगळं सांगायला नको.

मुख्य रस्त्यालगत एका घरात शिरा. हस्तिदंताची एक बाई उभी आहे, वीतभराहून थोडी उंच, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. अंगावर कपडा नाही, दागिने भरपूर, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला. पाय एकमेकांवर टेकून ती ऐसपैस उभी राहिलीय. दोन्ही बाजूंना छोट्या दासी, हातांत शृंगाराचे डबे. डोक्यातून खाली भोक पाडलंय, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाय. बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं ‘शि’ हे अक्षर.

अशा बायका तुम्ही बघितल्यात, फक्त भंगलेल्या. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची, एक तेरची. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, केळणा नदीकाठचं, उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या वाटेवरचं. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या स्तूपावर आहे. ठेवण तीच, दागिने तेच, बाजूच्या दासीही त्याच. दख्खनच्या काळ्या मातीत तिच्या बहिणींचे तुकडे राहतील, आणि अखंड अशी एकटी ही उरेल. १९३८ साली मायुरी नावाचा उत्खननकार तिला बाहेर काढेल, वर्तमानपत्रं तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतील आणि नेपल्सच्या संग्रहालयात तिला जागा मिळेल. लक्ष्मी की यक्षी, हा वाद पुढचा.

बाहेर या. गाव नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल: जिकडेतिकडे काम चाललंय. सतरा वर्षांपूर्वी, ६२ च्या फेब्रुवारीत, इथं मोठा भूकंप झाला. सहाशे मेंढ्यांचा कळप जागच्या जागी मेला, देवळं पडली, पाण्याचे नळ फुटले. इसिस देवीचं देऊळ एका माजी गुलामानं आपल्या सहा वर्षांच्या पोराच्या नावावर बांधून दिलं आणि त्या बदल्यात पोराला नगरसभेत बसवून घेतलं. आजही रस्त्यांत नळासाठी चर खणलेत. एका घराच्या दालनात कौलांची उतरंड, दगडाचे ढीग, चुना पडलाय. पलीकडच्या एका घरात रंगारी भिंतीवर ओल्या गिलाव्यात काम करतायत. खालची कडा बाकी आहे, रंगाच्या वाट्या जमिनीवर मांडल्यात. आणखी एका घरात कुणीतरी कोळशानं भिंतीवर तारीख खरडलीय, आपल्या हिशेबानं १७ ऑक्टोबर. पुसून जाईल अशी ती नोंद २०१८ साली सापडेल, आणि गाव २४ ऑगस्टला गाडलं गेलं ही जुन्या पुस्तकांतली तारीख बऱ्याच अभ्यासकांना दोन महिने पुढे सरकवायला लावेल.

भूकंपानंतर काही लोकांनी हा प्रांत कायमचा सोडला. सेनेकाला ते पटलं नाही. जमीन कुठली सुरक्षित असते, असा त्याचा सवाल: जे एका जागी झालं ते कुठंही होऊ शकतं, मग पळून जाणार कुठं? युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. जे राहिले त्यांनी चुना कालवला.

त्यांना वेडे म्हणण्याची घाई करू नका. तोंडवलीला लागून असलेल्या तळाशीलला पावसाळ्यात दर्या किनारा खातो, तेव्हा लोक बंधाऱ्याला दगड मागतात. घर आहे, माड आहेत, होडी आहे, देव आहे. माणूस आधी दुरुस्ती करतो. शिवाय दर्याची भीती कॅलेंडरात बसते, आषाढाला घट्ट व्हायचं आणि श्रावणाअखेर सैल. या डोंगराला आषाढच नाही. सतरा वर्षांपूर्वीचा धक्का ही नोटीस होती, पण नोटिशीवर तारीख नव्हती.

२४ ऑक्टोबर

दुपारी एकच्या सुमाराला डोंगराचा माथा फुटतो. आधी आवाज, मग सरळ वर चढत जाणारा ढग. आखाताच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनमच्या आरमारी तळावर, सतरा वर्षांचा एक मुलगा तो बघतोय. पुढे तो लिहील की ढग छत्रीसारख्या पाईन वृक्षाच्या आकाराचा होता: लांब बुंधा, वर फांद्या पसरलेल्या. मिरीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या प्लिनीचा हा भाचा. मामा आता तिथल्या आरमाराचा प्रमुख आहे.

पॉम्पेईत अंधारायला लागतं आणि आकाशातून दगड पडू लागतात. एक उचला: पांढरट, भोकाभोकांचा, हातात वजनच नाही. पाण्यात टाकला तर तरंगेल. म्हणूनच लोक पहिला तासभर घरातच थांबतात. एवढ्याशा दगडानं काय होणार? पण दर तासाला वीतभर थर चढतोय. संध्याकाळपर्यंत दारं उघडेनाशी होतील, रात्री त्या भारानं छपरं कोसळतील. रंगाऱ्यांनी वाट्या तशाच टाकून पाय काढलाय. तुम्ही उंबऱ्यात उभे आहात. आत मालक किल्ल्या शोधतोय, त्याची बायको दागिन्यांची थैली बांधतेय, शेजारी म्हणतोय थोडा वेळ थांबू, ओसरेल.

तांडेलाला काय सुचलं असतं? त्यानं ढगाकडे बघितलं असतं आणि वारा बघितला असता. वारा वायव्येकडून आहे. ढगाचा शेंडा आग्नेयेला झुकलाय, म्हणजे सगळा मारा पॉम्पेईवर आणि पलीकडच्या स्टाबिएवर. वायव्येला, नेपल्सच्या दिशेला, आकाश अजून उजेडाचं आहे. तिकडची वाट डोंगराच्या कुशीतून जाते, त्यामुळं पाय धजावत नाही. पण दगड तिकडे पडत नाहीत. निघा. हातातलं सगळं टाका, मिरीसुद्धा.

वाटेत हर्क्युलेनियम लागतं. इथं जेमतेम राखेची भुकटी आहे. लोक किनाऱ्यावर उतरतायत, होड्या ओढून ठेवायच्या दगडी कमानींत गर्दी करतायत, तारवाची वाट बघतायत. समुद्राकाठचा माणूस समुद्राकडेच जाणार. तुम्ही थांबू नका. रात्री एकच्या पुढे तो उंच ढग आपल्याच भारानं ढासळेल आणि तापलेली राख, वायू, दगड यांचा लोट उतारावरून मिनिटांत इथं पोचेल. १९८० नंतर त्या कमानींत तीनशेच्या आसपास माणसांचे सांगाडे सापडतील.

समुद्रावर बघा. मामा प्लिनी जहाजं घेऊन लोकांना सोडवायला निघालाय. वारा त्याच्या पाठीशी आहे, म्हणून तो स्टाबिएला झपाट्यानं पोचतो. जो वारा त्याला आत घेऊन गेला, तोच बाहेर निघू पाहणाऱ्यांच्या तोंडावर आहे. जहाजांत सामान भरून बसलेला त्याचा मित्र त्याच वाऱ्यानं अडकलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर धूर आणि गंधकाच्या वासात प्लिनी कोसळतो आणि उठत नाही. समुद्रात वारा वाचायला शिकलेल्या माणसालाही परतीचा वारा मिळाला नाही.

त्याच सकाळी सातनंतर कधीतरी लोट पॉम्पेईत शिरतो. आतापर्यंत जे घरात तग धरून होते, जे दगडांच्या थरावरून चालत आता निघाले होते, ते सगळे तिथंच. मागून आलेल्या राखेनं त्यांना झाकलं. शरीरं कुजून पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये उत्खनन करणाऱ्या फिओरेलीनं त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, तेव्हा माणसं पुन्हा आकाराला आली: कपड्याच्या चुण्या, तोंडावर धरलेला हात.

आपल्या पंचांगाच्या हिशेबानं हे शके १.

त्यानंतर

टिटसनं मदत पाठवली, वारस नसलेल्यांची मालमत्ता पुनर्वसनाला लावली, पण पॉम्पेई पहिल्यासारखं पुन्हा वसलं नाही. १७४८ मध्ये खोदाई सुरू झाली. सहासष्ट हेक्टरांपैकी दोन तृतीयांश उघडं झालंय आणि हजाराहून जास्त माणसांचे अवशेष मिळालेत. गावाच्या वस्तीशी हा आकडा ताडून बघा. बरेच जण निघून गेले होते. पहिल्या काही तासांत, हातात फारसं काही न घेता.

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मधला. आज त्याच्या धोक्याच्या पट्ट्यात सहा लाखांवर लोक राहतात. पोत्सुओलीची जमीन २००५ पासून पुन्हा वर उचलली जातेय, भिंतींना तडे जातात, शाळा रिकाम्या कराव्या लागतात, आणि लोक तडे बुजवतात. आता भूकंपमापक आहेत, उपग्रह आहेत, कुणी कुठल्या वाटेनं निघायचं याचे नकाशे छापलेत. नोटीस पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर येईल. तरी तिच्यावर तारीख छापून मिळणार नाही, आणि दारात उभं राहून किल्ल्या शोधणारा माणूस तोच आहे.

निघालेले कुठं गेले, याचा माग स्टीव्हन टक या अभ्यासकानं शिलालेखांतल्या घराण्यांच्या नावांवरून काढलाय. पॉम्पेईची खास नावं पुढे क्युमी, नेपल्स, पुतेओली, ओस्टिया इथं दिसू लागतात. त्यांत माशाच्या रसावर मोठं झालेलं अंब्रिकियस घराणंही आहे. त्यातला औलस अंब्रिकियस बायकोसह पुतेओलीला स्थिरावला. तिथं झालेल्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं पुतेओलानस, पुतेओलीचा. तोंडवळकर, आचरेकर, मालवणकर: कोकणातला माणूस मागे ठेवलेल्या गावाचं नाव मुंबईत पिढ्यानपिढ्या लावतो, कारण ते गाव अजून तिथं आहे, गणपतीला जाता येतं. औलसकडे तशी सोय नव्हती. ज्या गावानं घेतलं, त्याचंच नाव त्यानं पोराला लावलं.